रघूदादाची रिकामी रिक्षा

“वलव रं, वलव! परत फिर!” रिक्षातून अर्धा बाहेर लोंबकळत रघूदादा ओरडत होता. आवाज असा, की शेजारच्या पावणे गावातल्या कारखान्यांचे भोंगे त्याला विचारून वाजायचे. तो आवाज जाऊन आता दीड महिना झाला... पण त्याची आठवण काढायची, तर सुरुवात त्या मोजणीच्या दिवसापासूनच करायला हवी.

आमचं रेल्वे फाटक म्हणजे काय सांगू! बंद होताना कडेवर असलेलं पोर उघडेपर्यंत लग्नाला यायचं. वरून पूल व्हावा म्हणून रघूदादानं उंबरे झिजवले. शेवटी कळलं, फाटकातून पुरेशा गाड्या जातात असं दिसलं तरच महापालिका आपल्या वाट्याचा निधी देणार. मोजायला एक ताई खुर्ची टाकून बसल्या, आणि रघूदादानं गावातली चाकं असलेली प्रत्येक वस्तू गोल गोल फिरवली. वरातीची बग्गी घोड्याशिवाय ढकलली. मी टोप्या बदलत टेम्पो हाकला. टोप्या संपल्या तेव्हा बायकोचा स्कार्फ बांधला.

त्याच्यासाठी मात्र हा खेळ नव्हता. वहिनींच्या छातीत कळ आली तेव्हा त्यानं त्यांना ह्याच रिक्षात घालून दवाखान्याकडे पळवलं होतं. फाटक पडलेलं. उघडलं, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून फाटक पडलं की तो इंजिन बंद करायचा आणि आरशात बघत पुटपुटायचा, “थांब गो, उघडंल आता.”

“कुणाशी बोलतोस रे?” मी एकदा विचारलं.

“जिला घाई हाय तिच्याशी.”

बोलण्यात बापाला न हरणारा मी, त्या दिवशी टेम्पोची काच वर करून बसलो.

मोजणीनंतर काही महिन्यांनी तो झोपेतच गेला आणि पुढच्याच आठवड्यात निधी मंजूर झाला. परवा खांबांच्या जागा आखायला त्याच ताई आल्या. रिक्षास्टँडवर त्यांना चहा दिला, तर हार घातलेल्या फोटोकडे बघत त्या थबकल्या.

“हे गेले? अरेरे... आणि त्यांच्या त्या पेशंट बाई? त्या बऱ्या झाल्या ना?”

“कोण बाई?”

“तुमच्या बग्गीसकट सगळ्या फेऱ्या आम्ही कापल्या हो. आकडा कमीच पडत होता. पण ह्यांच्या रिक्षात मागे एक बाई आडवी होती, फाटकात अडकलेली. तेवढं मी शेऱ्यात लिहिलं. मंजुरी त्यावरच मिळाली.”

त्या दिवशी प्रत्येक वेळी फाटक पडलं की मी टेम्पो रघूदादाच्या शेजारीच लावत होतो. मागची सीट माझ्या डोळ्यांसमोर होती... मी आयुष्यभर तिखटमीठ लावून बोललो, पण इथे लावायला माझ्याकडे काही नाही.

“ताई,” मी म्हटलं, “रिक्षा रिकामी होती.”

“नव्हती,” ताई कप ठेवत म्हणाल्या. “दादा तिला पाणी पाजत होते.”