संपतरावांची पाच मिनिटं

कांताबाईंच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि या एकतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला बुद्धिबळात एकदाही हरवलं नव्हतं. आता कुणी म्हणेल, नवरा भारी खेळत असणार. डोंबल! संपतराव पहिल्या दहा-बारा चाली झोकात खेळायचे, मग त्यांचा एखादा हत्ती जायचा, पाठोपाठ वजीर अडकायचा, आणि पराभव दारात येऊन उभा राहिला की हनुवटीखाली मूठ टेकवून म्हणायचे, "विचार चालू आहे." हा विचार भाजी शिजेपर्यंत चालायचा, वरणाला फोडणी बसेपर्यंत चालायचा, टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत चालायचा. घरात जेवायचं टेबल एकच, त्यामुळे शेवटी ताटं मांडायला पट उचलावा लागायचा. डाव अपूर्ण. दुसऱ्या दिवशी नवा डाव. कांताबाईंचं निम्मं आयुष्य त्या एका चालीची वाट बघण्यात गेलं, आणि हा माणूस मात्र हरलाच नाही म्हणून मिशीला पीळ देत फिरतोय, हे त्यांच्या डोक्यात तिडीक जाण्यासारखंच होतं.

खेळ शिकवला होता संपतरावांनीच. कोरेगावकडची एकोणीस वर्षांची मुलगी मेरठच्या छावणीत आली, हिंदी येईना, शेजारीण पंजाबी, करमेना. जवान नवऱ्यानं ट्रंकेतून पट काढला. चारच महिन्यांत त्याला कळून चुकलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. मग त्याची बदली सीमेवर झाली, तिथं कुटुंब न्यायची परवानगी नव्हती, तेव्हा दोघं पत्रातून खेळायला लागले. एका पत्रात एक चाल. असा एक डाव सव्वादोन वर्षं चालला. कांताबाईंची मात एका चालीवर आली होती, आणि नेमकं तेव्हा पत्र आलं: 'इकडे बर्फ फार. तब्येत ठीक. घोड्याबद्दल विचार चालू आहे.' पुढचं पत्र आलंच नाही, स्वतः संपतराव रजेवर आले. तोवर क्वार्टर बदललं होतं आणि सोंगट्या ट्रंकेत गेल्या होत्या. "कुठे काय होतं, आठवतंय का तुला?" असं त्यांनी साळसूदपणे विचारलं. कांताबाईंना सगळं आठवत होतं. पण घरात पाहुणे होते, म्हणून त्या गप्प बसल्या.

त्यांची स्वतःची खेळायची तऱ्हा निराळी. बसून खेळायला त्यांना वेळ होता कधी? उजवा हात कणकेत, नाहीतर जेवता जेवता ताटात. म्हणजे कायम खरकटा. सोंगटी हलवायची ती डाव्या हातानं, आणि तीही पोळी उलटताना, एका नजरेत. विचार करायचा असतो हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण घरातला सगळा विचार एकच माणूस करत होता.

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर संपतराव नोएडात फौजींच्या सोसायटीत राहिले आणि रंगीत टीव्ही बनवणाऱ्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झाले. नव्याण्णव साल. कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला होता आणि त्या आनंदात मालकांनी गुडगावच्या नव्या हॉटेलात आंतरराष्ट्रीय अतिजलद बुद्धिबळ स्पर्धा भरवली. वीस देशांचे खेळाडू, आणि खालच्या टेबलांवर कर्मचारी नि त्यांच्या घरचे. अर्पितानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, जेवताना पत्रक वाचून दाखवलं. "आई, यात ना, प्रत्येकाला टोटल पाच मिनिटं असतात. पूरे गेमला. बाजूला घड्याळ असतं. आपली मूव्ह केली की बटण दाबायचं, मग समोरच्याचा टाइम चालू. टाइम संपला की खेल खतम, हरला."

कांताबाईंचा घास हातातच राहिला. "विचार करत बसला तरी?"

"बिल्कुल. विचार करत बसला तरच हरतो."

एवढं गुणी यंत्र जगात आहे आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही! कांताबाईंनी त्याच संध्याकाळी दोन फॉर्म भरले, एक स्वतःचा आणि एक नवऱ्याचा. संपतरावांनी सही करायला दोन दिवस लावले.

स्पर्धेच्या सकाळी कंपनीच्या बसनं सगळे गुडगावला निघाले. तेव्हाचं गुडगाव म्हणजे अर्धी मोहरीची शेतं आणि अर्ध्या काचेच्या इमारती, मध्ये म्हशी. हॉटेलच्या हॉलमध्ये शंभर टेबलं, दोनशे माणसं, आणि गालिचा इतका मऊ की कांताबाईंनी चपला बाहेर काढून ठेवल्या. त्या पाहून मागून आलेल्या एका हॉलंडच्या खेळाडूनंही आपले बूट काढले आणि दिवसभर तो मोज्यांवर हिंडला.

पहिल्या फेरीत समोर एक उझबेक गृहस्थ. कांताबाईंनी डाव्या हातानं प्यादं सरकवलं आणि उजव्या हातानं घड्याळ दाबलं. तो काहीतरी पुटपुटला. दुसरी चाल, पुन्हा तेच. त्यानं हात वर केला. मेहरोत्रा नावाचे पंच आले. टाय, बिल्ला, कपाळावर आठी. "मॅडम, जिस हाथ से चाल, उसी हाथ से घड़ी. ये रूल है."

कांताबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या चालीला डाव्यानं उंट आणि उजव्यानं घड्याळ! तिसऱ्यांदा झालं तेव्हा मेहरोत्रांनी डाव उझबेक गृहस्थांना देऊन टाकला. दुसऱ्या फेरीत, समोर एक श्रीलंकेचे शिक्षक असताना, पुन्हा हेच. तेव्हा मात्र मेहरोत्रांनी हात जोडले. "आखिर प्रॉब्लेम क्या है?"

प्रॉब्लेम काय ते अर्पितानं आईला विचारून, निम्मं स्वतःच समजून घेत, त्यांना सांगितलं. सोंगटीला डावा हात लावायची सवय, कारण उजवा तीस वर्षं खरकटा. पण घड्याळ हे यंत्र. फौजेत दसऱ्याला बंदुकीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हळद-कुंकू वाहायचं, त्या यंत्राला डावा हात लावायचा? छे! हात आपोआप बदलतो, त्यात कांताबाईंचा काय दोष? मेहरोत्रांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मागून पुढे आणि पुढून मागे चाळलं. त्यात दसरा नव्हता.

इकडे संपतराव दोन्ही डाव वेळ संपून हरले होते. पहिल्यात तेराव्या चालीवर, दुसऱ्यात पंधराव्या. हनुवटीखाली मूठ तशीच, आणि वेळ संपला की पडणारं घड्याळावरचं लाल निशाण खाली. कांताबाई लगबगीनं गेल्या, निदान चेहरा तरी बघावा म्हणून. चेहरा कसला, साहेब मजेत सामोसा खात होते.

"हरलात ना?"

"हरलो कुठे? पटावर मी वरचढ होतो. घड्याळ पुढे पळालं, त्याला मी काय करणार? घड्याळानं हरवलेलं मी धरत नाही."

कांताबाई मटकन खुर्चीत बसल्या. म्हणजे ज्या यंत्रावर भरवसा ठेवून एवढा खटाटोप केला, ते यंत्रच बिनकामाचं! आज हा माणूस समोर आला आणि निशाण पडलं, तरी घरी जाऊन म्हणणार, 'घड्याळानं हरवलं, तू नाही.' आणि मरेपर्यंत म्हणत राहणार. त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आता याला हरवायचं तर पटावरच, आणि तेही याचं निशाण पडायच्या आत. एकतीस वर्षांत नाही जमलं ते पाच मिनिटांत.

आधी हाताचा बंदोबस्त करायला हवा होता. त्यांनी पिशवीतला डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडला आणि उजव्या हाताची पाचही बोटं दह्यात बुडवली. झालं! आता उजवा खरकटा. यंत्राला डावा हात लागला तर एकवेळ चालेल, पण खरकटा हात लावायची त्यांची छाती नव्हती. तिसऱ्या फेरीत समोर फरिदाबादचे एक प्रॉपर्टी डीलर होते. कांताबाईंनी उजवा हात ताटावर धरावा तसा हवेत धरला आणि डाव्यानं असा काही सपाटा लावला की तो बिचारा चालीपेक्षा त्या दह्याच्या हाताकडेच बघत राहिला, आणि चौदाव्या चालीला मात झाला. मेहरोत्रा तिथून तीनदा गेले. नियमात दहीही नव्हतं.

संपतरावांचा तिसऱ्या फेरीतला खेळाडू धौला कुआंच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि त्यांना बसल्या जागी एक गुण मिळाला. दोघांचा एकेक गुण. सारख्या गुणांच्या जोड्या लावतात, त्यामुळे भिंतीवर चौथ्या फेरीचा कागद लागला तेव्हा टेबल क्रमांक सत्त्याण्णववर नवरा-बायको समोरासमोर होते.

"बरं झालं," संपतराव खुर्ची ओढत म्हणाले. "घरच्यासारखं खेळू."

घड्याळं सुरू झाली. शंभर टेबलांवर टकटक, टकटक. कांताबाईंचा डावा हात सुटला. संपतराव दहा चाली झोकात खेळले. अकराव्या चालीला त्यांचा हत्ती गेला. पंधराव्याला वजीर अडकला. कांताबाईंचं सव्वा मिनिटसुद्धा संपलं नव्हतं. संपतरावांची साडेतीन उरली होती, आणि त्यांची मूठ हनुवटीखाली गेली.

"विचार चालू आहे."

दोन मिनिटं उरली. कांताबाई पटाकडे बघत होत्या, घड्याळाकडे बघत होत्या, नवऱ्याच्या कपाळाकडे बघत होत्या. पुढच्या तीन चालींत मात होती, लख्ख दिसत होती. पण त्यानं एक चाल तरी करायला नको का? याच्या वेळेची काळजी आता त्यांनाच लागली होती.

"अहो, चाला ना."

"थांब."

"अहो, वेळ जाईल तुमचा!"

"मॅडम, नो टॉकिंग," मेहरोत्रा कानाशी येऊन म्हणाले.

"ह्यांना समझाओ ना, भाईसाहब! टाइम खतम हो जाएगा तो मैं जीत जाऊँगी!"

मेहरोत्रा चौदा वर्षं पंच होते. अशी तक्रार त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती. आजूबाजूच्या दोन टेबलांवरचे लोक आपापली घड्याळं थांबवायचं विसरून इकडे बघायला लागले. मोज्यांवरचा हॉलंडवाला मागे येऊन उभा राहिला.

एक मिनिट. लाल निशाण काट्यावर चढायला लागलं. कांताबाईंनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायाला पाय मारला. संपतराव हलले नाहीत. ते पटाकडे बघत होते, पण चाल शोधत असलेल्या माणसासारखे नाही. मग त्यांनी मान वर केली, घड्याळाकडे बघितलं, आणि निशाण पडायला तीस-चाळीस सेकंद असताना हात पुढे केला. सोंगटी हलवायला नव्हे. आपला राजा त्यांनी हळूच, झोपवल्यासारखा, पटावर आडवा केला.

"हरलो, कांता."

कांताबाईंना कळेना. "काय?"

"हरलो म्हणतोय. उगाच त्या घड्याळाला कशाला श्रेय द्यायचं? तू हरवलंयस. मेरठपासून हरवतेयस." त्यांनी आडवा राजा कांताबाईंकडे सरकवला. "तो बर्फातला पत्रांचा डाव होता ना, त्यातही तीन आठवडे बघितलं. सुटका नव्हती."

"मग सांगितलं का नाहीत कधी?" कांताबाई उसळल्या. "एकतीस वर्षं ताटं मांडायला उशीर केलात!"

"तू कधी विचारलंस, हरलात का म्हणून? तू आपली कायम 'चाला, चाला'. आणि हरलो म्हटलं असतं, तर तू पट गुंडाळून स्वयंपाकघरात गेली असतीस. समोर बसली असतीस थोडीच?"

मेहरोत्रांनी घसा खाकरला. निकालाचा कागद पुढे केला. "रिझल्ट क्या लिखूँ, सर?"

संपतराव उठले. खुर्ची मागे सारली, टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली, आणि कवायतीच्या मैदानाच्या पार टोकाला ऐकू जावं अशा सुभेदारी आवाजात बोलले:

"कांताबाई जीत गईं! मैं हार गया!"

हॉलमधली दोनशे माणसं दचकली. पहिल्या टेबलावर एका रशियन ग्रँडमास्टरच्या हातून वजीर निसटला आणि घरंगळत गालिच्यावर गेला. मेहरोत्रा ओठांवर बोट ठेवून 'सर, सर, प्लीज' करत राहिले. अर्पितानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, ती हसत होती की रडत, कोण जाणे.

कांताबाईंना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दह्याच्याच हातानं नवऱ्याची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"अहो, हळू! लोक खेळतायत."

कांताबाईंनी इकडेतिकडे बघितलं, पदर सारखा केला, टेबलावर थोड्या वाकल्या, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या,

"पण परत एकदा म्हणा."