एका सकाळचं काम

एवढ्या बाजारपेठा फिरलो, पण गिऱ्हाइकाला माल दाखवायच्या आधी तळं दाखवणारा व्यापारी मला एकच भेटला. संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पुण्याहून कोल्हापूरला गूळ घ्यायला गेलो. मी पाठीवर पोती वाहून वर आलेला माणूस, त्यामुळे माझा बेत साधा होता. सकाळी उतरायचं, दर पाडायचा, माल भरायचा आणि मिळेल त्या गाडीनं परतायचं. शाहूपुरीतल्या एका वखारीचं नाव कुणी तरी दिलं होतं. तिचे मालक म्हणजे हे आमचे गूळवाले. वय पन्नाशीचं, हाड आडवं, डोक्याला गुलाबी फेटा, कानावर विडी. मी आत शिरून "दर काय?" विचारलं, तेव्हा भर देवळात शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "दर कुठं पळून जातोय व्हय? पावणं, आधी गावचं पाणी तर पचू द्या की!" असं म्हणून त्यांनी मला टांग्यात घातलं आणि थेट रंकाळ्यावर नेलं. त्या वर्षी दर ठरायला सहा दिवस लागले. पुढं बरीच वर्षं तेवढेच लागत गेले.

आमच्या धंद्यात तेव्हा दर तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर पंचा टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारी उभा असलेल्याला कळत नाही. गूळवाले दिवसातून एकदाच पंचा टाकत. मी आकडा दाबला की आजाऱ्याचा हात पांघरुणात सरकवावा तशी माझी बोटं हळूच मिटवत आणि विचारत, "बरं, भूक लागलीया का?" म्हणजे त्या दिवसाची बोलणी संपली. मग आम्ही गाव बघायला निघत असू. गाव दाखवताना मात्र त्यांच्यातला व्यापारी जागा व्हायचा. अंबाबाईचं देऊळ, खासबागेतलं कुस्त्यांचं मैदान, पन्हाळ्याची तटबंदी, सगळं जणू त्यांनीच बांधून घेतलं होतं आणि मी ते आज ना उद्या विकत घेणार होतो. दर क्षणाला "कसं हाय?" माझी तर आयुष्यभराची सवय अशी की दुसऱ्याच्या मालाला चांगलं म्हणायचं नाही. रंकाळ्यावर त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पाणी बरंच आहे." त्यावर हा गृहस्थ दोन तास माझ्याशी बोलला नाही. शेवटी टांगेवाल्याला मध्यस्थ करून त्यानं मला सांगितलं, "पावण्यास्नी म्हणावं, पुण्याच्या नळाला ह्याच्यापेक्षा जास्त येत असंल!"

एका वर्षी पन्हाळ्यावर दाट धुकं होतं. हात पुढं केला तर हात दिसेना. पण गूळवाल्यांनी एकही जागा गाळली नाही. पांढऱ्या भिंतीकडं बोट दाखवून ते सांगत होते, "ह्यो बघा जोतिबाचा डोंगर. त्याच्या हिकडं ती नदीची वळणं. दिसलं न्हवं?" मी म्हणालो, "मला माझे जोडे दिसत नाहीत." तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्हाळा. मी चिडलो, तणतणलो, पण गेलो. कुस्तीच्या मैदानात ते शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात जिंकणाऱ्या मल्लाचं नाव आधीच सांगत, आणि तो हमखास चीत होई. मग सगळा दोष माझ्यावर यायचा. "तुमी जांभई दिली. पैलवानाला दिसतंय त्ये."

जेवण कायम खानावळीत. त्यातही ठरलेल्या एकाच बाकावर. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी ते माझ्यापुढं ठेवत आणि मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याच्या घाटीकडं बघत बसत. मग तांबडा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की त्यांना मनापासून आनंद व्हायचा आणि ते वाढप्याला ओरडून सांगायचे, "पावणं रडाय लागलं! आता आण भाकरी!" संध्याकाळी गंगावेशीला म्हशीच्या पुढ्यात उभं राहून धारोष्ण दूध. पैसे मला कधी देऊ दिले नाहीत. मी एकदा रागावून खिशात हात घातला, तर खानावळवाल्यालाच त्यांनी दम भरला, "पावण्याचा पैसा घेतलास तर उद्यापास्नं मी समोरच्याकडं जेवतो." त्यावर तो बिचारा म्हणाला, "आण्णा, तुमी दोन्ही येळंला हितंच जेवता. तुमचं गिऱ्हाईक घालवून मी काय करू?"

दोन्ही वेळेला. हे मला तेव्हा कळलं. मी सहज विचारलं, "घरी कोण असतं?" गूळवाले म्हणाले, "घरी कुलूप असतंय." बायको जाऊन पंधरा वर्षं झाली होती, मुलगा बेळगावला नोकरीत होता. माझ्या घरीही तसंच कुलूप होतं. दोघी मुली सासरी, आणि मी दुकानातच डबा उघडून जेवत असे. पण मी ते सांगितलं नाही. बोलणी चालू असताना आपली बाजू उघडी करायची नसते.

आठव्या वर्षी पाचव्या दिवशी खानावळीत माझ्या नावानं तार आली. माझ्या मुनिमानं कळवलं होतं की दुकान उत्तम चाललंय, मालकांनी परतायची घाई करू नये. चांगलीच बातमी होती. पण तीस वर्षं ज्या दुकानासाठी मी हाडं झिजवली, त्याला माझी गरज नाही हे मला तारेनं कळावं? माझं डोकं फिरलं. समोर गूळवाले रश्श्याची वाटी पुढं करत होते. सगळा राग त्यांच्यावर निघाला. मी भर खानावळीत ओरडलो, "पुरे झालं तुमचं तळं आणि तुमचा रस्सा! मी इथं यात्रेला येत नाही. एका सकाळचं काम तुम्ही आठवडाभर लांबवता, आणि माझा धंदा बसतो!" लोक वळून बघायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस उलट ओरडेल आणि आमचं दणदणीत भांडण होईल. पण त्यांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "व्हय. खरं हाय तुमचं."

पुढच्या वर्षी ते नेहमीसारखे स्टेशनावर आले. टांगा मात्र रंकाळ्याकडं न वळता सरळ वखारीत गेला. गुळाचे नमुने मांडून ठेवलेले, पंचा तयार.  पण मीही कच्चा नव्हतो. मी ठरवलं, असा आकडा सांगायचा की माणूस उसळलाच पाहिजे. बाजारभावाच्या जेमतेम निम्मा. मग ते संतापतील, शिव्या देतील, "चला आधी जेवा" म्हणतील, आणि आठवडा आपला. मी पंच्याखाली बोटं दाबली. त्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि माझा हात घट्ट धरून हलवला. म्हणजे सौदा पक्का.

"दिलं. तुमचा येळ मोडाय नगं. बाराची गाडी मिळतीया बघा."

आठ वर्षांत या माणसानं माझा एकही आकडा पहिल्या झटक्यात खरा मानला नव्हता. रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य तेवढं खरं मानलं. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी म्हणालो, "जेवून निघालो तर?" ते म्हणाले, "गाडी चुकंल की." मी "चुकू दे" म्हणायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग दोन चतुर व्यापारी गाडी येईपर्यंत फलाटावर शेजारी शेजारी उभे राहून सिग्नलकडं बघत राहिले.

तो गूळ मला आयुष्यातला सगळ्यात मोठा नफा देऊन गेला. बाजारात अजून लोक विचारतात, एवढा दर कसा पाडलात हो? मी मिशीतल्या मिशीत हसतो. हल्ली आमचा दर पत्रानं ठरतो. त्यांचं उत्तर उलट टपाली येतं, भाव रास्त असतो, माल वेळेवर पोचतो, तक्रारीला जागा नाही. दर हिवाळ्यात मी पोस्टकार्डावर मागणी लिहितो आणि शेवटी "या खेपेला स्वतः यावं म्हणतो" एवढं लिहायला घेतो. मग कार्डावर जागा पुरणार नाही अशी स्वतःची समजूत घालतो, सही करतो आणि कार्ड पेटीत टाकून येतो.