तीन हंगामांची सरकी

अमरावतीजवळच्या आमच्या काळ्या रानातला एक तुकडा एका गोऱ्या साहेबाने प्रयोगाला घेतला, तो कापसाला सोन्याचा भाव आला त्या दिवसांत. विलायतेतल्या विद्यापीठात वनस्पतींचं शास्त्र शिकलेला माणूस. वऱ्हाडी कापसातली लांब धाग्याची झाडं निवडायची, त्यांचीच सरकी पुढच्या साली पेरायची, असं करत गेलं तर धागा वाढतो का, हे त्याला पाहायचं होतं. मी त्याचा कारकून. लिहिता-वाचता, आणि तेवढ्यावरच फुगलेला.

झाडं निवडायची माझी बायको. बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढायची आणि पसंत पडला तर झाडाला लाल दोरा बांधायची. साहेब मग तोच धागा काळ्या फळीवर ठेवून भिंगातून मोजायचा. तिचं क्वचितच चुकायचं. मला राग यायचा, कारण मला सगळे धागे सारखेच दिसत.

तिसऱ्या हंगामाच्या वेचणीनंतर ती पटकीने गेली. मी रडलो नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. घरात बोलणंही बंद झालं होतं माझं. तिने निवडलेली सरकी एका मडक्यात होती. पेरणीआधी साहेब अकोल्याहून ती न्यायला येणार होता. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

आमच्या घरी पेरायची सरकी शेणमातीत चोळून, वाळवून ठेवतात. नुसती सरकी म्हणजे म्हशीचा खुराक. साहेबाला भिंगाखाली पाहायला स्वच्छ बी हवं होतं, म्हणून मी ती चोळली नव्हती. आईला हे सांगायचं राहून गेलं.

म्हैस व्याल्यावर दुसऱ्या दिवशी मी रानातून आलो, तर मडकं पालथं पडलेलं.

"यातली सरकी कुठं हाय?"

"भिजवून म्हशीले टाकली. शेण लावेल नोतं, मले वाटलं खुराकाचीच. कावून रे?"

"काई नाई."

साहेबाला काय सांगायचं, हेही मनात आलं नाही. आईने त्याच म्हशीच्या दुधाचा, गूळ घातलेला चीक वाटीत पुढे ठेवला. मी खाल्ला. चांगला झाला होता.

"तिले लय आवडे," आई म्हणाली.

मी वाटी पुन्हा पुढे केली.