रोहण्याच्या रस्त्यासाठी नवे शॉकप

आमची गाडी सतरा वर्षांची आहे. उंच, चौकोनी, डिझेलवर चालणारी, आणि आत चढताना दाराच्या चौकटीला धरावेच लागते अशी. हल्ली तिच्या जातीला एसयूव्ही म्हणतात. आम्ही ती घेतली तेव्हा हिंगणघाटातल्या आमच्या गल्लीत तिला नुसते ‘मोठी गाडी’ म्हणत, आणि घरात आजही तेच नाव चालते.

मागच्या पावसाळ्यात पत्नीच्या कमरेतली एक चकती सरकली. तीन महिने ती अंथरुणावर होती. उठून हिंडू-फिरू लागली तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: वाकून वजन उचलायचे नाही, आणि हिसके बसतील असा प्रवास करायचा नाही. पहिली गोष्ट मी पाळायला लावली. दुसरी अवघड होती, कारण तिची थोरली बहीण वर्ध्याच्याही पुढे रोहण्याला राहते. आई लवकर गेल्यामुळे धाकटीची वेणी, शाळा आणि लग्न हे सगळे त्या बहिणीनेच पाहिले. आता ताईंचे गुडघे इतके दुखतात की काठी टेकत अंगणापर्यंत येणे हाच त्यांचा प्रवास. म्हणजे भेटायचे तर आम्हीच जायला हवे. दोघी रोज फोनवर बोलत. पण प्रत्यक्ष भेट होऊन अकरा महिने झाले होते.

जानेवारीत आम्ही एकदा निघालो. वर्धा यायच्या आधीच एका गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला, आपटला, आणि आपटल्यावरही बराच वेळ हेलकावत राहिला. पत्नीने दोन्ही हात सीटच्या कडांवर घट्ट रोवले होते. मी गाडी बाजूला घेतली. ती खाली उतरली, लिंबाच्या झाडाला पाठ लावून थोडा वेळ उभी राहिली आणि परत चला म्हणाली. घरी आल्यावर तिने ताईंना फोन केला आणि गाडी बिघडल्याचे सांगितले. त्यानंतर ‘रोहण्याले कधी जायचं’ हे तिने विचारणेच बंद केले. मला खरी काळजी त्या बंद झालेल्या प्रश्नाची वाटली.

पुण्याला असलेल्या मुलाने नवी गाडी घ्या असे सुचवले. मी छत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले; काय बिघडले आहे हे कळण्याआधी वस्तू बदलणे मला जमत नाही. म्हणून प्रथम तपासणी केली. गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार द्यायचा, ती दाबली गेली की हात सोडायचे आणि मोजायचे. चांगली गाडी एकदा वर येते आणि जागेवर स्थिरावते. आमच्या गाडीचे पुढचे कोपरे दोनदा हलले, मागचे चारदा. मग मी चटई अंथरून खाली शिरलो. मागच्या दोन्ही नळ्यांवर तेल पाझरून त्यावर धुळीचा जाड थर बसला होता.

या नळ्या म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर; आमच्याकडे सगळे शॉकप म्हणतात. त्यांच्याविषयी एक गैरसमज सर्वत्र असतो. धक्का झेलण्याचे काम त्यांचे नसते. ते स्प्रिंग किंवा पोलादी पाटे करतात. पण पाटा दाबला गेला की तो उसळणार, उसळला की पुन्हा दबणार. ही उसळी आवरणे एवढेच शॉकपचे काम. झोका थांबवायचा असतो तेव्हा आपण दोरीला हलकेच हात लावतो, तसा हा हात आहे. हात फार सैल असेल तर झोका थांबत नाही, आणि फार कडक असेल तर झोक्यावर बसलेल्याला हिसका बसतो. हे वाक्य मी त्या आठवड्यात पत्नीला, शेजाऱ्यांना आणि फोनवरून मुलाला असे तीन वेळा समजावून सांगितले. त्याचा उत्तरार्ध मी स्वतः नीट ऐकला असता तर पुढचा घोळ टळला असता.

निवड करताना मी वहीत तक्ता आखला. साधे तेलाचे शॉकप, तेलासोबत वायू भरलेले, आणि जड ओझ्यासाठी बनवलेले, असे तीन प्रकार मिळत होते. गाडीची उंची, जुन्या शॉकपची उघडी आणि मिटलेली लांबी, रस्त्यांची स्थिती, मागच्या चाकांवर येणारे वजन, असे रकाने केले. वजनाच्या रकान्यात मी सवयीने कापूस लिहिला.

याला कारण आहे. आमच्या भागात अशी गाडी कोणी घेतली की पहिल्याच हंगामात मागच्या पाट्यांत एक जादा पाटा घालून घेतो. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. घरात नवी चूल आली की तिच्यावर दूध उतू घालावे इतके ते ठरलेले असते. मीही घातला होता. दिवाळीनंतर मागच्या सीटा काढायच्या, शेतातून कापसाची गाठोडी छतापर्यंत रचायची आणि जिनिंग गिरणीच्या रांगेत गाडी लावायची, हे आमचे बारा वर्षे चालले. गाडी कापसासाठी टणक हवी हे माझ्या डोक्यात इतके पक्के होते की मी पुढे साधे, पण मागच्या जोडीसाठी जड ओझ्याचे शॉकप निवडले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आमच्या मिस्त्रींचे गॅरेज नागपूर रस्त्याला आहे. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला मास्तर. त्यांनी माझा तक्ता हातातले तेल पुसून, आदराने, शेवटपर्यंत वाचला. मग वही परत देत म्हणाले, “मास्तर, मागंबी साधेच टाकू. बुढा-बुढीची गाडी हाय आता.”

मी त्यांना पाटे, वजन आणि उसळी यांचा संबंध समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली, तुम्ही म्हणाल तसे, म्हणाले आणि नागपूरहून माल मागवला.

बसवण्याचे काम एका सकाळी झाले. जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. भाऊंनी आदल्या दिवशीच त्यांवर गंज सोडवायचे तेल सोडून ठेवले होते, तरी एक हटून बसला आणि शेवटी कापावा लागला. पुढचे दोन शॉकप त्यांनी बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून घेतले, म्हणजे आत अडकलेली हवा वर जाते. शॉकपच्या टोकांना रबरी बुश असतात, त्यांतून बोल्ट जातो. भाऊ प्रत्येक बोल्ट अर्धवट आवळून पुढच्या चाकाकडे वळत होते. हाती घेतलेले काम पुरे करून मगच पुढचे घ्यावे, हा माझा आयुष्यभराचा आग्रह. मी तो बोलून दाखवला. ते गाडीखालूनच म्हणाले की जॅकवर गाडी लटकलेली असताना आवळले तर रबर लटकलेल्या स्थितीतच धरले जाते. गाडी खाली आली की ते पिळवटते आणि सहा महिन्यांत फाटते. शेवटचा पाना गाडी आपल्या वजनाने जमिनीवर उभी राहिल्यावरच मारायचा. मी ते वहीत लिहून घेतले.

नंतर मी कोपरे दाबून पाहिले. मागची बाजू जवळजवळ हललीच नाही. माझा आनंद फार मोठा होता.

दुपारी पत्नीला घेऊन मी वेणा नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. हेलकावा नावालाही उरला नव्हता. जाता-येता मी तिला हेच सांगत होतो. अंगणात उतरताना तिने दाराची चौकट नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवली. ओसरीवर बसल्यावर तिने पाणी मागितले, प्याली, आणि मग वही मागितली. तक्ता ती सावकाश वाचत गेली. वजनाच्या रकान्यावर तिचे बोट थांबले.

“वावर ठेक्यानं देऊन पाच वर्षं झाले,” ती म्हणाली. “अन् तुमी अजून कापूसच वाहून राह्यले का?”

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

“कापसाले कंबर नसते हो. मले हाय.”

रागाने बोलली असती तर मी काही मुद्दे मांडले असते. तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. मी वही उघडली, कापूस या शब्दावर काट मारली आणि तिथे तिचे वजन लिहिले. छपन्न किलो. बारा वर्षे छतापर्यंत गाठोडी वाहिलेल्या गाडीत आता मागे छपन्न किलो बसणार होते आणि त्यासाठी मी जादा पाटाही ठेवला होता आणि वर कडक शॉकपही घातले होते. परीक्षेत कुणा विद्यार्थ्याने असे केले असते तर मी उत्तराला शून्य दिले नसते, रीतीचे काही गुण दिले असते. पण उत्तर चूकच धरले असते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा भाऊंनी मला काहीच विचारले नाही. आतून साध्या शॉकपची जोडी आणून बाकावर ठेवली. ती त्यांनी पहिल्या मालाबरोबरच मागवून ठेवली होती. कडक जोडी समुद्रपूरच्या एका संत्रावाल्याच्या गाडीला उपयोगी पडेल, म्हणाले.

“मग पहिलेच काऊन नाई बोलले?” मी विचारले.

“बोललो ना. तुमी शिकवून राह्यले होते, मंग मी ऐकत बसलो.”

त्यांनी जादा पाटा काढला, साधे शॉकप चढवले, गाडी जमिनीवर उतरवली आणि पाना हातात घेऊन थांबले. वहिनींना घेऊन या, म्हणाले. मला वाटले चेष्टा चालली आहे. तसे नव्हते. गाडी ज्या माणसासाठी आहे ते सीटवर बसले की मगच शेवटचे बोल्ट आवळू, असे त्यांचे म्हणणे होते. गाडीच्या हजारो किलोंत छपन्न किलोंनी रबराला कितीसा फरक पडणार, हे मला ठाऊक होते आणि भाऊंनाही असणारच. मी रिक्षाने तिला आणले.

ती मागच्या सीटवर बसली. खाली भाऊ, बाहेर मी. तिने ताईंना फोन लावला आणि मी गॅरेजमध्ये बसलेली आहे, माझ्यासाठी गाडी आवळून राह्यले, असे सांगितले. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मग तिने विचारले, “रविवारी येऊ का?”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. जानेवारीत जिथून परतलो होतो तो गतिरोधक आला तेव्हा मी वेग अगदी कमी केला आणि आरशात पाहिले. गाडी वर गेली, खाली आली, थांबली. पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. पुलगाव मागे पडले तोवर तिची मान एका बाजूला कलली होती. पुढचा रस्ता मी एका हातगाडीच्या वेगाने चालवला. मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानेही मला ओलांडले आणि वळून पाहिले.

रोहण्याला ताईंच्या दारात गाडी उभी केली तेव्हाही ती झोपलेलीच होती. ताई काठी टेकत अंगण ओलांडून आल्या. मी उठवायला वळलो तर त्यांनी हातानेच मला थांबवले. काचेतून त्या धाकट्या बहिणीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी दुसऱ्या बाजूचे दार उघडायला सांगितले. काठी माझ्याकडे दिली, चौकटीला धरले, आणि दोन वेळा थांबून, धापा टाकत, त्या वर चढल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. आवाजाने पत्नी जागी झाली. ताईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“आता उतरू नोको,” त्या म्हणाल्या. “जवाईबापू, वावरापर्यंत घेऊन चाला. दोन वर्षं झाले मी तूर नाई पाह्यली.”

मी काठी पुढच्या सीटवर ठेवली आणि गाडी शेताच्या वाटेला लावली.