पाच सुपरहिरो, हात एकही नाही

माणसाचं चित्र समोर आलं की मी आधी त्याचे हात बघतो. तोंड काय, कुणालाही काढता येतं. दोन डोळे, एक नाक, वर मिशी चिकटवली की झाला माणूस. चित्रकार पकडला जातो तो हातात. वेल्ह्याकडच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवून मी निवृत्त झालो, तरी ही खोड गेलेली नाही. भोरच्या बाजारात दुकानाच्या पाटीवर नमस्कार करणारी बाई रंगवलेली असली, तर मी भर रस्त्यात उभा राहून तिची बोटं मोजतो. बहुतेक वेळा सहा भरतात.

गेल्या आषाढात माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या भोरच्या घरी आली. मूळची गुंजवण्याची, राजगडाच्या पायथ्याची. आठवी ते दहावी माझ्या हाताखाली होती, पुढे पुण्यात चित्रकला शिकली. पिशवीतून तिनं एक चकचकीत कॉमिक काढलं. एरवी आपापल्या गोष्टीत एकेकटे लढणारे पाच सुपरहिरो ह्यात एकत्र येतात आणि राजगड वाचवतात. गोष्ट लिहिणारा पुण्याचा, चित्रं सगळी हिची.

"सर, दुसऱ्या भागाचं काम देतायत मला," ती म्हणाली. "घरचे म्हणतात, पुरे झालं आता, बँकेच्या परीक्षेला बस. घेऊ का नको, तुम्ही सांगाल ते करीन. रविवारपर्यंत कळवायचंय."

"खरं सांगू, का बरं वाटेल असं सांगू?"

"बरं वाटेल असं तुम्ही कधी सांगितलंय?"

मी ते कौतुक समजलो. शाळेत माझा दराराच तसा होता. माझ्या लेखी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलेलं 'बरं आहे'. एकतीस वर्षांत तेही मी फार जणांना दिलेलं नाही. उगाच डोक्यावर चढवून ठेवण्यात काय अर्थ आहे, असं माझं मत होतं.

ती गेली आणि मी चष्मा पुसून, लाल पेन घेऊन बसलो. राग आला तो मुखपृष्ठापासूनच. पाच जण ओळीनं उभे. एक विजेचा माणूस, एक उडणारी बाई, एक पैलवान, एक यंत्रमानव आणि पाचवा म्हणे अदृश्य. अदृश्य! म्हणजे मधली जागा मोकळी सोडून भोवती टिंबांची रेघ ओढली की संपलं काम. असला कामचुकारपणा आमच्या वर्गात कुणी केला असता तर मी त्याला अदृश्य गुण दिले असते. मी लिहिलं, 'ह्या हिरोचं मानधन घेतलंस का?'

पुढं पानागणिक डोकं फिरत गेलं. बालेकिल्ला असा काढलाय की वितळायला लागलेला आइस्क्रीमचा कोन. आम्ही जन्मभर बघत आलोय तो डोंगर, आणि जिच्या दारातून तो दिसतो तिनंच त्याची ही दशा करावी? खलनायकाला तो डोंगर उचलून समुद्रात टाकायचाय. का, ते पुस्तकात कुठंही दिलेलं नाही. पाचही जण गुडघ्यापर्यंत धुक्यात उभे. गडावर धुकं असतं, मान्य. पण सारोळ्याच्या नीरेच्या पुलावर, भर दुपारी, ट्रक पेटलेला असताना धुकं कुठून आलं? पाय काढायचा कंटाळा, दुसरं काय!

आणि हात. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधले. विजेच्या माणसाचे हात विजेत. बाईनं हाताची घडी घातलेली, ती उडतानासुद्धा घडीच. यंत्रमानवाला हातांच्या जागी पकडी. पैलवानाचा ठोसा दर वेळी चौकटीच्या बाहेर जाऊन लागतो, आत फक्त 'धाड' एवढं मोठं अक्षर. जगाला वाचवायला निघालेत पाच जण, आणि पाचांत मिळून एक हात नाही. हे वाक्य मी मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला ते फार आवडलं होतं.

विनोदाबद्दल तर बोलायलाच नको. पैलवान शेणावरून घसरतो. एकदा ठीक. तीनदा? यंत्रमानव वेल्ह्यात आला की बंद पडतो आणि म्हणतो, रेंज नाही. अरे, आमच्याकडे रेंज नसणं हा विनोद नाही, ती वस्तुस्थिती आहे. माझ्या साडूशी बोलायला मला गच्चीवर जावं लागतं. गावातली माणसं तर सगळ्या पुस्तकात मिळून एकच शब्द बोलतात, 'आरं बाबो!' डोंगर हलला, आरं बाबो. बाई उडाली, आरं बाबो. आमच्या पोरांनी चार बुकं शिकून पुण्यात जायचं आणि आपल्याच माणसांना असं येडं करून दाखवायचं. मी इतकं लाल केलं की कागदाच्या मागच्या बाजूला उमटलं.

एकच गोष्ट चांगली निघाली, तो खलनायक. किडकिडीत, कपाळावर चष्मा चढवलेला, एका हातानं कोटाचा खिसा चाचपणारा. तो तोंड उघडतो तेव्हाच पुस्तक जिवंत होतं. हवेत लोंबकळणाऱ्या पाच जणांकडे बघून तो म्हणतो, "ही माणसं आहेत का वाळत घातलेली धुणी? आधी चिमटे लावून घ्या, मग लढायला या." मी एकटाच खो खो हसलो. पुढं पैलवान त्याच्यावर मूठ उगारतो, तीही चौकटीबाहेरच, तर म्हणतो, "बोटं आहेत का बाजारातले मुळे? जुडी कितीला दिली?" तिथं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शेजारी 'उत्तम!' लिहिलं. उत्तम हा शब्द मी लाल पेनानं पहिल्यांदाच लिहिला असेन.

बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. तिला मी ते वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "बिचाऱ्याला लागलं असेल की."

"अगं, पुस्तकातला पैलवान आहे तो."

"असू दे," असं म्हणून ती आत गेली. तिला विनोद कळत नाही, हे मी लग्न झाल्यापासून म्हणत आलोय.

फोनवर असलं सांगण्यात मजा नसते, शिवाय तिच्या गावात फोन लागतो कुठं? रविवारी सकाळी, तिला सांगून ठेवल्याप्रमाणे, मी एसटीनं नसरापूरला उतरलो, तिथून वडापच्या जीपनं गुंजवण्याला गेलो. खोटं कशाला बोलू, मला उत्साह होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणाचा तरी कागद माझ्या हातात होता आणि कुणाचं तरी काहीतरी माझ्या शब्दावर अडलेलं होतं.

भातलावणीचे दिवस होते, घरातली सगळी शेतात. तीच तेवढी ओट्यावर माझी वाट बघत बसली होती. मी कॉमिक तिच्या हातात दिलं. तिनं पहिल्या पानापासून माझा एकेक लाल शेरा शांतपणे, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अदृश्य हिरोच्या शेऱ्यावर ती थोडी हसली. शेण आणि 'आरं बाबो' वर म्हणाली, "हे मीपण लेखकाला सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही." मग धुक्याचा शेरा आला. तो तिनं वाचला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

"सर, पाय येत नाहीत तर गवतात उभे करा, हे आम्हाला कोण सांगायचं?"

मी म्हणालो, "ते परीक्षेपुरतं होतं."

खरंच होतं. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राला वेळ थोडा. पाय येत नाहीत, गवतात बुडवा. हात येत नाहीत, पाटी द्या, घागर द्या, छत्री द्या. ह्या युक्त्यांवर माझी पोरं दरवर्षी पास व्हायची आणि मुख्याध्यापक माझी पाठ थोपटायचे. पण म्हणून काय जन्मभर गवतातच उभं राहायचं? हेही मी तिला ऐकवलं. वर म्हणालो, "चुका लपवायला गुरूचं नाव पुढं करू नकोस."

ती पानं उलटत खलनायकापर्यंत आली. 'उत्तम!' वर बोट ठेवलं.

"हे आवडलं तुम्हाला?"

"हेच एक आवडलं. ह्या लेखकाला एवढंच लिहायला सांग."

"हे त्यानं नाही लिहिलं. त्याला काही सुचत नव्हतं, म्हणून मी घातलं." बोट तिथंच ठेवून ती म्हणाली, "माझंपण नाही सर. तुमचं आहे. आठवी ब."

मला आठवेना. मी वर्गात शंभर गोष्टी बोलायचो. पोरांचा कागद उचलून वर धरायचा, सगळ्यांना दिसेल असा फिरवायचा आणि एक टोला हाणायचा, ही माझी पद्धतच होती. वर्ग हसायचा. कंटाळवाणा तास जिवंत व्हायचा. पोरांना माझा तास आवडतो, अशी माझी समजूत होती.

"स्मरणचित्राचा विषय होता भातलावणी," ती सांगायला लागली. "मी चार बायका काढल्या होत्या, वाकलेल्या. सगळ्यांचे हात काढले होते, बोटांसकट. तुम्ही कागद वर धरलात आणि म्हणालात, बोटं आहेत का बाजारातले मुळे, जुडी कितीला दिली. मग मला म्हणालात, हात येत नाहीत तर पाण्यात बुडव."

"मग? हसली असतील पोरं. मजेत बोललो असेन."

"हसले ना. लई हसले. कागद ज्याचा असायचा तो सोडून सगळे हसायचे."

मी कॉमिककडे बघितलं. कपाळावर चढवलेला चष्मा. कोटाचा खिसा चाचपणारा हात, आत लाल पेन शोधणारा. सबंध पुस्तकात नीट काढलेला तेवढा एकच हात होता, आणि मी हात शोधत असूनही तो मला दिसला नव्हता. माझा हात त्या वेळी खिशाशीच होता. मी तो खाली घेतला. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ह्या पोरीनं माझं बाहुलं करून दुकानात विकायला ठेवलं होतं, आणि मी त्यावर 'उत्तम' लिहून आणलं होतं!

तेवढ्यात तिची आई शेतातून आली. घोंगड्यासारखं पांघरलेलं प्लास्टिक काढून तिनं दारात टाकलं, मला बघून पदर सावरला आणि म्हणाली, "गुर्जी, कवाच्यान आलात? च्या तरी द्येयाचा न्हाई का पोरीनं." चहा ती स्वतःच घेऊन आली. कप पुढं केला तेव्हा मी सवयीप्रमाणे हात बघितले. सकाळपासून चिखलात, पाण्यात राहून बोटं फुगलेली होती. पांढरी पडलेली, टोकाला सुरकुतलेली, जाड. चार दिवस तशीच राहत असणार, दर वर्षी.

पोरगी माझ्याकडे बघत होती. आठवी ब मध्ये तिनं जे काढलं होतं ते पाठ केलेलं नव्हतं, बघितलेलं होतं. एकतीस वर्षांत बघून काढणारी किती आली असतील? आणि मी त्या सगळ्यांचे हात पाण्यात बुडवले.

"दुसरा भाग घे," मी म्हणालो. आवाज नको तेवढा चढला. "आणि हात काढ. बँक गेली खड्ड्यात."

"बारा वर्षं झाली सर, लपवूनच काढतीय. तुमचा हात तेवढा पाठ झालाय, बाकी येत नाहीत." तिनं आतून कागद आणि पेन्सिल आणली आणि माझ्यापुढं ठेवली. "तुम्ही दाखवा."

मग मला ते सांगावं लागलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मला हात काढता येत नाहीत. कधीच आले नाहीत. माझ्या स्वतःच्या डिप्लोमाच्या परीक्षेत समोर बसवलेल्या माणसाच्या मांडीवर मी शाल काढली होती, जी तिथं नव्हतीच. त्या शालीवर मी पास झालो आणि त्या शालीवर एकतीस वर्षं पगार घेतला.

"तरी काढा," ती म्हणाली.

तिच्या आईनं लाजत हात गुडघ्यावर ठेवला. "माजा हात कशापायी काडताय वो? चिखलाचाय." मी अर्धा तास काढत होतो. रबरानं कागद काळा झाला. अंगठा चुकला, करंगळी कुठून निघाली ते मलाच कळेना. साठी उलटलेला माणूस मी, आणि आता ही कागद वर धरेल, ह्या भीतीनं मान वर करत नव्हतो.

तिनं कागद घेतला. वर धरला नाही. मांडीवर ठेवून बराच वेळ बघत राहिली. आई शेजारून डोकावली आणि हसली, "आगं बया, बोटं लईच जाड काडली की गुर्जींनी!"

"न्हाई आई," पोरगी म्हणाली. "तुजी बोटं तशीच हायेत."