सगळे बीपीलाच आलेले

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. मी ते हसत सांगते, पण खरं सांगायचं तर बऱ्याच किश्शांची मला लाजच वाटते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. टोकावड्याजवळच्या आमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाच्या आजारांचे डॉक्टर येऊ लागले. बाहेर तशी पाटी लावली. पहिल्या दिवशी पाटीखालच्या बाकाजवळ फक्त एक कुत्रं झोपलेलं! वेड्यांच्या बाकावर कोण बसणार?

आमच्या डॉक्टरांनी पाटी काढली. बीपी, शुगर, मन, सगळ्यांची एकच रांग, आणि आत जाण्याआधी प्रत्येकाच्या दंडाला बीपीचा पट्टा. कोण कशाला आलंय ते कुणाला कळेना. पुढच्या महिन्यात रांग दारापर्यंत गेली.

*

एका सुनेला बाळंतपणानंतर सारखं रडू यायचं. सासू रांगेत सांगायची, "पोरीला शुगर हाय." झालं! संक्रांतीला तिच्या हातावर कुणी तिळगूळ ठेवेना. बरी झाल्यावर ती मला म्हणाली, "सिस्टर, आता माजी शुगर गेली असं गावात सांगा ना."

*

बुधीबाई डोंगरातल्या वाडीवरची. तिच्या कानात माणसं बोलायची. गोळ्या सुरू होऊन महिना झाला तेव्हा विचारलं, "आता कसं आहे?"

"बरा हाय. बीपी आता बोलत नाय."

*

वाडीवाडीत मी सांगत फिरायचे, "मनाचा आजार म्हणजे आजारच. लाजायचं काय त्यात?" त्याच वर्षी माझे मिस्टर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. मुरबाडला शाळेत मास्तर होते, शाळेत जाणं सुटलं. जेवण सुटलं. एका सकाळी विहिरीच्या कठड्यावर बसलेले सापडले.

डॉक्टर आमच्याच दवाखान्यात, गोळ्या माझ्याच कपाटात. आणि मी शेजारणीला सांगितलं, "ह्यांना कावीळ झालीय." ती बिचारी रोज उसाचा रस पाठवायची. हे तोंडाला लावत नसत. मीच मान खाली घालून प्यायचे.

*

शेवटी ह्यांना ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे ओळखणारं कोण भेटणार? मनाच्या आजारांच्या बाकापाशी पोहोचले, तर कोपऱ्यात बुधीबाई! आमच्याच डॉक्टरांनी तिला तपासणीला पाठवलेलं.

तिने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधीबाई सरकली, ह्यांना जागा करून दिली. मग अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची सिस्टर हाय ही. मास्तरांचं बीपी दाखवाया आलीय."