ड्रमरचा खांदा

दिल्लीत, द्वारकेच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मी गुडघ्यासाठी जायचो. शेजारच्या खाटेवर एका जुन्या रॉक बँडचा साठीतला ड्रमर असायचा. त्याचा खांदा आखडला होता. हात वर नेताना ओठ घट्ट मिटायचा, पण कण्हायचा नाही.

एकदा त्याच्या बँडचा गिटारवाला आला. “शोला ड्रम रेकॉर्डेड लावू. बाकी सगळे तयार आहेत,” तो हिंदीत म्हणाला.

“फिर तुम लोग भी घर बैठो, यार. तुम्हारी भी रेकॉर्डिंग चला देंगे,” ड्रमर म्हणाला.

दोघांची चांगलीच जुंपली. गिटारवाला तणतणत दारापर्यंत गेला. ड्रमरने पुन्हा व्यायाम सुरू केला. हात कानापाशी अडकला.

गिटारवाला मागे फिरला. त्याचं मत बदललं नव्हतं, चेहराच सांगत होता. तरी ड्रमरच्या कोपराखाली तळवा धरून तो खेकसला, “पूरा ऊपर कर. शो अगले महीने है.”